भिंतीमागचा जुलै

कोकणात बांधकामाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि मेच्या अखेरीस ताडपत्र्या अंथरून संपतो. म्हणजे संरक्षक भिंती आम्ही ज्या महिन्यांत बांधतो, त्या महिन्यांत त्यांच्यामागे पाण्याचा टिपूस नसतो. जमीन लाल, कडक, धुळीने भरलेली. जेसीबीने डोंगर उभा कापला तरी ती कड आठवडेच्या आठवडे जशीच्या तशी राहते. घरमालक तिच्यावर हात थोपटून म्हणतो, "ही तर आपली आपण उभी आहे की हो! हिला एवढी भिंत कशाला?" डिसेंबरात या प्रश्नाला उत्तर म्हणून दाखवण्यासारखं माझ्याकडे काही नसतं. जे दाखवायचं ते जुलैत असतं, आणि जुलैत घरमालक डोंबिवलीत असतो.

मी लांजा-राजापूर पट्ट्यात घरं बांधतो. भिंत हे त्यातलं उरलंसुरलं काम समजलं जातं. अंदाजपत्रकात आधी घराची पानं, मग विहीर, गेट, अंगणातले पेव्हर ब्लॉक आणि सगळ्यांत शेवटी 'रिटेनिंग वॉल, लम्पसम' अशी एक ओळ. तरी पावसाळ्यात अपरात्री येणारे फोन घराबद्दल क्वचितच असतात. ते त्या शेवटच्या ओळीबद्दल असतात.

हे काम एवढं वाढलं ते जेसीबी गावोगाव पोचल्यापासून. जुनी वाडी बघा. घर उताराच्या अंगाने आडवं पसरलेलं, खळं एका पातळीवर, गोठा त्याच्या खालच्या, पडवीतून मागीलदारी जायला दोन-तीन पायऱ्या. कुदळीने जेवढं खणवेल तेवढंच लोक खणत. त्यामुळे दोन पातळ्यांमधला फरक कंबरेएवढा, फार तर छातीएवढा, आणि तेवढ्याला नुसत्या दगडांचा गडगा पुरायचा. आता गाडी दारात यायला हवी, स्लॅबचं घर एका पातळीत हवं, अंगणात लग्नाचा मांडव मावायला हवा. जेसीबी सकाळी येतो आणि दुपारच्या जेवणापर्यंत घरामागे बारा फुटांची कड तयार असते. निघालेली माती पुढच्या उतारावर लोटून अंगण रुंद करतात. म्हणजे मागे कापलेला डोंगर आणि पुढे सैल भराव, दोन्हीकडे भिंत आली. मागची कोसळली तर डोंगर स्वयंपाकघरात येतो, पुढची कोसळली तर आपलं अंगण खालच्या शेजाऱ्याच्या परसात जातं. दुसऱ्या प्रकारात नुकसानीपेक्षा भांडण मोठं असतं.

गडग्याबद्दल मला थोडं जास्त लिहायचं आहे, कारण भिंतीमागे काय चालतं ते मला पुस्तकाआधी तिथे समजलं. गडगे रचणारे एक आजोबा माझ्या सुरुवातीच्या कामांवर यायचे. सिमेंट नाही, माती नाही, नुसता दगड. वहाळातले गुळगुळीत गोटे ते बाजूला टाकायचे; खडबडीत, कोनाचा धोंडा घ्यायचे. प्रत्येक धोंड्याची लांब बाजू डोंगराच्या पोटात आणि आखूड बाजू तोंडाला. नवशिका गडी नेमकं उलटं करतो, कारण लांब बाजू बाहेर ठेवली की भिंत लवकर पुढे सरकते आणि दिसतेही छान. सांधा सांध्यावर येऊ द्यायचा नाही. दर दोन-तीन थरांनंतर एक लांब दगड आडवा, भिंतीच्या आरपार. फटीतल्या कपच्या मागून ठोकायच्या, पुढून ठोकलेल्या कपच्या निसटतात. आणि सगळी भिंत डोंगराकडे रेललेली, चार फूट उंचीला जवळजवळ एक फूट. हा धर आला की भिंत स्वतःच्या वजनाने मागे टेकते. पाठीमागे त्यांनी कधीच माती भरली नाही. पाट्या-पाट्यांनी आधी डबर टाकायचे, त्याच्यामागे बारीक दगड, आणि मग माती. पुढे अभ्यासक्रमात 'फिल्टर' नावाने जे शिकवलं गेलं ते हेच. भारतीय मानक १४४५८ हे डोंगराळ भागातल्या अशा भिंतींबद्दल आहे आणि त्याचा एक आख्खा भाग कोरड्या दगडी भिंतींना दिलेला आहे. तो वाचताना आजोबांच्या कामाचं वर्णन इंग्रजीत वाचल्यासारखं वाटलं.

एकदा मी त्यांना विचारलं, "आजोबा, हा किती वर्षं टिकेल?"

"पडला की परत रचायचा," ते म्हणाले. त्यांना प्रश्नच कळला नव्हता.

गडग्याचं उगाच कौतुक करण्यात अर्थ नाही. दरवर्षी कुठे ना कुठे तो ढासळतोच; गुरं चढतात, मुळं शिरतात. पाच फुटांच्या वर त्याच्या भरवशावर घर ठेवणं शहाणपणाचं नाही. पण तो ढासळतो तेव्हा आधी पोट काढतो, मग दोन धोंडे सोडतो, आणि दोन गड्यांनी सकाळभरात पुन्हा उभा राहतो. त्याच्या प्रत्येक सांध्यातून पाणी गळत असतं, त्यामुळे पाण्याचा रेटा त्याच्यावर कधी चढतच नाही. सिमेंटात बांधलेली चिऱ्यांची भिंत जून-जुलै निमूट सोसते आणि एका रात्रीत आख्खी आडवी होते. ती पडते तेव्हा खाली कोण आहे ते बघत नाही. मालाडला पिंपरीपाड्यात जुलै २०१९च्या सुरुवातीला, मुसळधार पावसात, मध्यरात्री भिंत कोसळून वस्तीतली तिसाच्या आसपास माणसं गेली. ती भिंत घरामागची नव्हती, जलाशयाच्या आवाराची होती. पण ते वाचून मी ज्या ज्या भिंती बांधल्या होत्या त्या मनातल्या मनात एकदा फिरून आलो.

पाण्याचा हिशेब शाळकरी पोरालाही जमेल असा आहे. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, सुमारे १०१ चौरस मीटर. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी झालं, एक मोठा टँकर. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जुलैत दिवसाला १०० मिलिमीटर ही बातमी होत नाही. पाच गुंठ्यांच्या घरामागे पन्नास गुंठ्यांचा उतार असतोच. त्या उतारावरून एका दिवसात पन्नास टँकर येतात. त्यातले काही वाहून जातात, काही जमिनीत मुरतात, आणि मुरलेलं पाणी उताराच्या पोटातून सरकत सरकत जिथे जमीन कापली आहे तिथे, म्हणजे आपल्या भिंतीच्या पाठीशी, येऊन थांबतं.

तिथे ते काय करतं? कोरडी माती स्वतःच्या घर्षणावर बरीचशी उभी राहते. तीन मीटर उंच भिंतीच्या दर मीटर लांबीवर तिचा रेटा साधारण पावणेतीन टन धरतात. मागे काठोकाठ पाणी भरलं तर तोच रेटा सहा टनांच्या आसपास जातो. मातीला अंगची पकड असते, पाण्याला नसते. ते आपल्या पूर्ण वजनानिशी आडवं ढकलतं. वर ओली झालेली माती पायाखालची पकडही सोडते. म्हणजे भिंत डिसेंबरात पावणेतीन टनांशी झुंजत असते आणि जुलैत सहाशी, तेही भुसभुशीत जमिनीवर उभं राहून. घरमालक कडेवर हात थोपटतो तेव्हा तो डिसेंबरातल्या भिंतीबद्दल बोलत असतो.

मातीच्या रेट्याचा पहिला पक्का हिशेब मांडणारा शार्ल कूलाँ हा फ्रेंच लष्करी अभियंता. १७६४ ते १७७२ तो कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर किल्ला बांधत होता आणि परत आल्यावर १७७३ साली पॅरिसच्या अकादमीपुढे त्याने आपला निबंध वाचला. पुढे विजेच्या नियमामुळे तो प्रसिद्ध झाला, पण आम्हा भिंतवाल्यांचा तो त्याआधीपासूनचा. मार्टिनिकही आमच्यासारखंच डोंगराळ आणि पावसाळी. आठ पावसाळे तिथे काढल्यावर माणूस मातीचा विचार करणारच.

तेव्हा कामाचं सार एवढंच, की सहाचा आकडा पुन्हा तीनच्या जवळ आणायचा. त्याची सामग्री अगदी स्वस्त आहे. भिंतीत चार इंची पीव्हीसी नळ्या, साधारण पाच-पाच फुटांवर, एकाआड एक वरखाली, बाहेरच्या बाजूला किंचित उतरत्या. सगळ्यांत खालची रांग पुढच्या जमिनीच्या जेमतेम वर. पाठीमागे तळापासून वरपर्यंत फूटभर जाडीची खडी, आणि खडी व माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल कापड, म्हणजे माती खडीत शिरून ती बुजवत नाही. तळाशी भोकं पाडलेली नळी, जी पाणी भिंतीच्या टोकाला नेऊन सोडते. वर शेवटचा फूटभर चिकण मातीचा थर ठोकून बसवायचा आणि त्याच्या मागे चर काढायचा, म्हणजे उतारावरून धावत येणारं पाणी भिंतीमागे उतरतच नाही. एकूण खर्चात याचा वाटा किरकोळ. पण भिंत पूर्ण झाली की यातलं काहीच दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याचे पैसे देताना माणसाचा हात अडतो. त्याच भिंतीला पुढून दगडी क्लॅडिंग लावायला मात्र तो हसत हसत पैसे मोजतो.

नळ्या मात्र दिसतात, आणि त्याच कुणाला नको असतात. एका घरी भिंत झाल्यावर मालकाच्या आई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊ, एवढी भोकं बुजवून द्या हो. फुरसं शिरेल."

त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. जांभ्याच्या फटीत फुरसं बसतं, हे रत्नागिरीत लहान पोरालाही ठाऊक असतं. मी नळ्यांच्या मागच्या तोंडाला बारीक जाळी बांधलेली असते, ती त्यांना दाखवायला भिंतीमागे जागाच उरली नव्हती. मग पुढूनही जाळीची टोपणं बसवून दिली. बुजवली असती तर भिंत पाडायला फुरशाची गरज पडली नसती. इतरांच्या भिंती तपासायला जातो तेव्हा काय काय सापडतं: नळीत गवंड्याने शिल्लक माल कोंबलेला, रंगाऱ्याने पुट्टी भरून सफाई केलेली, नळी भिंतीत अर्ध्यावरच संपलेली आणि पुढे फक्त शोभेला तोंड. एका ठिकाणी नळ्या सगळ्या व्यवस्थित होत्या, पण मागे खडीच नव्हती. खणलेली लाल चिकण माती जेसीबीने सरळ आत ढकललेली. नळीच्या तोंडाशी मातीचा गोळा घट्ट बसला होता.

हा भरावाचा मोह सगळ्यांत जबर. माती जागेवरच पडलेली असते, फुकट असते, आणि ती कुठेतरी टाकायला नेली तर डंपरचं भाडं पडतं. मी भिंतीलगत तरी ती वापरू देत नाही. मुरूम किंवा खडी, सहा-आठ इंचांच्या थरांत, आणि थर ठोकायला छोटं यंत्र. ताज्या भिंतीमागे जेसीबी किंवा रोलर चढवला तर पावसाआधी तोच तिला ढकलतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात हे पाळवून घेणं फार कठीण, कारण तेव्हा आकाशाकडे बघत सगळेच घाईत असतात. घाईत पहिली गोष्ट गळते ती खडी.

पायाच्या रुंदीबद्दलही दरवेळी तोच संवाद. दहा फूट उंच भिंतीचा पाया पाच-सहा फूट रुंद लागतो आणि आरसीसी असेल तर त्यातला बराचसा भाग मातीखाली, डोंगराच्या बाजूला जातो. वरची माती त्या पायावर बसते आणि भिंतीला धरून ठेवते. मालकाला वाटतं आपण त्याची जागा खातोय. "वर नऊ इंच आणि खाली सहा फूट, हे कुठलं गणित?" गणित असं की उंची दुप्पट झाली की रेटा चौपट होतो आणि भिंत उलटवणारा जोर आठपट. म्हणून जागा असेल तिथे मी दहा फुटांची एक भिंत बांधत नाही, पाच-पाच फुटांच्या दोन बांधतो, मध्ये पायरीसारखा पट्टा सोडून. दोन्हींमध्ये खालच्या भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर हवं. जवळ बांधल्या तर वरचीचा बोजा खालचीवर येतो आणि दोन भिंतींचा खर्च करून आपण एक उंच भिंतच बांधलेली असते. मधल्या पट्ट्यात वाळा लावला की त्याची मुळं खोल जाऊन माती धरतात. केळी नकोत. केळीला कोणीतरी उन्हाळाभर पाणी घालतं.

समुद्राच्या जवळ आणखी एक दुखणं. खाडीची वाळू खारी, त्यात सळईचं कव्हर कमी ठेवलं की काही वर्षांत गंज फुगतो आणि काँक्रीट पापुद्र्यांनी सुटतं. तिथे दगडांच्या जाळ्यांची, गॅबियनची भिंत मला बरी वाटते, पण तिथली खारी हवा साधी तारही खाऊन टाकते. वर पीव्हीसीचं आवरण असलेली तार हवी. असो.

जागेवरचं पाणी कुठून येतं, हे मात्र कुठल्याही मानकात सापडत नाही. आमच्याकडे वर जांभा आणि त्याच्या खाली मऊ, पांढुरकी-तांबूस चिकण माती असते. पाऊस जांभ्यातून खाली झिरपतो, या मातीवर अडतो आणि दोन थरांच्या मधून आडवा चालतो. कड कापताना तो सांधा उघडा पडला की जुलैत तिथे उपळ फुटते आणि ती पाऊस थांबल्यावरही कित्येक दिवस वाहते. उन्हाळ्यात तिची खूण शोधावी लागते: इतर सगळं करपलेलं असताना हिरवा राहिलेला पट्टा, सुकलेली नेची, कडेवर गडद डाग, एका दिशेला झुकलेली झाडं.

किंवा मग तिथे बारा महिने राहणाऱ्या माणसाला विचारावं. राजापूरकडच्या एका कामात पैसे पुतण्या मुंबईहून पाठवत होता, नकाशा मुंबईच्या आर्किटेक्टचा होता आणि जुन्या घरात काकू एकट्या राहत होत्या. आखणीला चुना टाकत असताना त्या काठी टेकत आल्या.

"हे गोल काय?"

"काकू, ही संडासाची टाकी. बाजूला शोषखड्डा."

"त्या रातांब्याच्या मुळाशी उपळ फुटते. गणपती जाईपर्यंत असते. मी तिथे भांडी घासते."

टाकी आणि शोषखड्डा दोन्ही नियोजित भिंतीच्या बरोबर मागे, वरच्या पातळीवर होते. म्हणजे पावसाळ्यात उपळ आणि बाराही महिने घरातलं सांडपाणी, दोन्ही भिंतीच्या पाठीत. पुतण्याला फोन लावला. तो म्हणाला, "काकूला प्रत्येक गोष्टीत काहीतरी असतंच." मी पुन्हा काकूंना विचारून रातांब्यापाशी चर खणायला लावला. एप्रिल असूनही कमरेइतक्या खोलीवर माती ओली लागली. तिचा फोटो गेल्यावर टाकी घराच्या दुसऱ्या अंगाला गेली, आणि उपळीला तळातून वेगळी नळी देऊन ती न्हाणीमागच्या दगडी डोणीत सोडली. काकू अजून तिथेच भांडी घासतात.

यात एक मर्यादा सांगायलाच हवी. २२ जुलै २०२१ला चिपळूण पाण्याखाली होतं आणि त्याच दिवशी महाड तालुक्यात तळियेवर डोंगर आला. त्यानंतरच्या हंगामात मला जाड भिंतींसाठी पुष्कळ फोन आले. डोंगर आख्खा सुटतो तेव्हा घरामागची भिंत, कितीही जाड असो, त्याच्या वाटेतला आणखी एक दगड असते. वर जमिनीला अर्धवर्तुळाकार भेगा पडल्या आहेत, उताराच्या पायथ्याशी जमीन फुगली आहे, झरा अचानक गढूळ झाला आहे किंवा आटला आहे, असं कोणी सांगितलं तर मी अंदाजपत्रक देत नाही. तहसीलदारांना कळवा आणि रात्री तिथे झोपू नका, एवढंच सांगतो. यावर काही लोक चिडतात, कारण त्यांनी भिंत मागितलेली असते.

आधीच उभ्या असलेल्या भिंतींसाठी मी मालकांना एक साधं काम देतो. मेमध्ये नळ्यांत लोखंडी सळई घालून बघा. जुलैत जोराच्या पावसानंतर नळ्या बघा: स्वच्छ पाणी वाहत असेल तर उत्तम, गढूळ येत असेल तर मागची माती सुटते आहे, आणि आजूबाजूला सगळं निथळत असताना नळ्या कोरड्या असतील तर लगेच फोन करा. ओळंबा सोडून एकदा पोट तपासा. भेग दिसली तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. फोटो पाठवतात ते बहुतेक ओळंब्याचे. त्यातली दोरी सरळ आणि फोटो तिरका असतो.

हल्ली मी उंच भिंतीचं काम घेताना एक अट घालतो. कड कापायच्या आधीचा एक पावसाळा मला जागा बघू द्या. छत्री घेऊन दोन-तीनदा जातो, जोराच्या सरीत एकदा आणि उघडीप झाल्यावर एकदा, कारण वरून वाहणारं पाणी सरीत दिसतं आणि आतून येणारं उघडिपीत. या अटीमुळे काही कामं दुसऱ्यांकडे गेली. त्यांतल्या काही भिंती अजून चांगल्या उभ्याही आहेत, हे मुद्दाम सांगतो. प्रत्येक उतारात उपळ नसते.

गेल्या मेमध्ये ठाण्याचे एक गृहस्थ आले. त्यांना पुढच्या गणपतीत नव्या घरात मूर्ती बसवायची होती. मी अट सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले, मग बायकोशी बोलले, मग म्हणाले, "मीच जुलैत पंधरा दिवस येऊन राहतो. ऑफिसचं काम घरूनच करतो मी. पाणी कुठून येतं त्याचे व्हिडिओ काढून तुम्हाला पाठवतो, चालेल?"

चालेल म्हटलं. फक्त येताना गमबूट आणि जळवांसाठी मीठ आणा, आणि पाऊस लागला की आमच्याकडे रेंज जाते, हे साहेबांना आधीच कळवून ठेवा.